ॲग्रीमेंटमधे लवादाचा क्लॉज आहे, मग ग्राहक आयोगात जाता येतं का? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दर शनिवारी आमच्या भागातल्या ग्राहक मदत केंद्रावर बसते. दर वेळी निदान एक जण तरी जाडजूड ॲग्रीमेंटची झेरॉक्स घेऊन येतो, शेवटून दोनतीन पानं उलटून एका पॅरावर बोट ठेवतो आणि विचारतो, "मॅडम, इथे लिहिलंय की भांडण झालं तर आर्बिट्रेटरकडेच जायचं, सही तर केलीये मी, आता काय करू?" त्या एका पॅरापायी लोक दोनदोन वर्षं गप्प बसलेली मी बघितलीयेत, म्हणून नेहमीचे प्रश्न आणि कोर्टांनी त्यावर काय काय सांगितलंय ते एकदा नीट लिहून ठेवतेय.

एका वाक्यात सांगा, जाता येतं की नाही?

येतं. तुम्ही कायद्याच्या व्याख्येत बसणारे ग्राहक असाल तर ॲग्रीमेंटमधे लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. सुप्रीम कोर्टाने हे एकदा नाही, गेल्या पंचवीसतीस वर्षांत बऱ्याच वेळा सांगितलंय.

लवाद म्हणजे नक्की काय असतं?

कोर्टात न जाता दोन्ही पार्ट्यांनी मिळून एक त्रयस्थ माणूस, म्हणजे आर्बिट्रेटर, नेमायचा, त्याच्यापुढे बाजू मांडायची आणि तो जे ठरवेल ते मान्य करायचं. त्याच्या निकालाला अवॉर्ड म्हणतात आणि तो कोर्टाच्या डिक्रीसारखाच वसूल करता येतो. दोन कंपन्यांमधे हे चांगलं चालतं, दोघांकडे वकील असतात, पैसा असतो, दोघांनी बसून क्लॉज ठरवलेला असतो. फ्लॅट घेणाऱ्या माणसाने काय ठरवलेलं असतं? त्याच्यासमोर छापील ॲग्रीमेंट येतं, रजिस्ट्रार ऑफिसात टोकन नंबर लागलेला असतो, बिल्डरचा माणूस पेन हातात देऊन "इथे, इथे आणि इथे" करत पानं उलटत असतो. आमचं स्वतःचं ॲग्रीमेंट असंच झालं, लवादाचा क्लॉज मी पहिल्यांदा वाचला तो पजेशन दीड वर्ष लांबल्यावर. शिवाय आर्बिट्रेटरची फी बहुतेक वेळा दोघांनी निम्मी निम्मी भरायची असते, म्हणजे आपलेच पैसे मागायला परत पैसे भरायचे.

हे कोणत्या निकालात आहे? बिल्डरचा वकील म्हणतो असं काही नाहीये.

सगळ्यात महत्त्वाचा निकाल एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग. एम्मार या बिल्डर कंपनीच्या मोहालीतल्या प्रोजेक्टमधल्या व्हिलाचं प्रकरण होतं, खरेदीदार राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेले आणि कंपनीने लवाद कायद्याच्या कलम 8 खाली अर्ज टाकला की ॲग्रीमेंटमधे लवाद आहे, तक्रार ऐकूच नका, आम्हाला आर्बिट्रेटरकडे पाठवा.

कंपनीचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं, ते समजून घ्या, कारण तुमच्यासमोरचा वकीलही हेच बोलणार आहे. लवाद कायदा 1996 चा. 2015 मधे त्यात दुरुस्ती झाली आणि कलम 8 मधे असे शब्द आले की सुप्रीम कोर्टाचा किंवा इतर कुठल्याही कोर्टाचा निकाल काहीही असला तरी, लवादाचा करार आहे असं प्रथमदर्शनी दिसलं की प्रकरण लवादाकडे पाठवायचं. हे वाचून बिल्डर मंडळी म्हणायला लागली की चला, ग्राहकांच्या बाजूचे जुने सगळे निकाल आता गेले. राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने 13 जुलै 2017 ला हे म्हणणं फेटाळलं. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली, तिथे फेब्रुवारी 2018 मधे अपील फेटाळलं गेलं, मग रिव्ह्यू पिटिशन (फेरविचाराचा अर्ज) केली आणि 10 डिसेंबर 2018 ला न्यायमूर्ती उदय लळित आणि न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या पीठाने तीही सविस्तर कारणं देऊन फेटाळली.

कारण साधं आहे. ग्राहक संरक्षण कायदा हा खास कायदा आहे आणि त्यात दिलेला उपाय इतर उपायांच्या जोडीला दिलेला जादाचा उपाय आहे. 1986 च्या कायद्यात हे कलम 3 मधे होतं, आताच्या 2019 च्या कायद्यात कलम 100 मधे तसंच आहे. 2015 ची दुरुस्ती आली ती लवादाच्या कामात कोर्टांनी सारखी ढवळाढवळ करू नये म्हणून, खास कायद्यांनी लोकांना दिलेले हक्क पुसायला नाही. लवाद कायद्याच्याच कलम 2(3) मधे म्हटलंय की ज्या कायद्यांमुळे काही वाद लवादाकडे नेता येत नाहीत त्या कायद्यांना इथे धक्का लागत नाही.

म्हणजे 2018 च्या आधी हे नव्हतं?

होतं. फेअर एअर इंजिनिअर्स विरुद्ध एन. के. मोदी हा 1996 चा निकाल, जुन्या 1940 च्या लवाद कायद्याच्या वेळचा, त्यातही हेच की ग्राहक मंचाने (जिल्हा आयोगाचं जुनं नाव) लवादासाठी थांबायची सक्ती नाही. मग 2012 मधे नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी. हा निकाल मला स्वतःला फार मोलाचा वाटतो कारण तो शेतकऱ्यांचा आहे. आंध्रच्या शेतकऱ्यांनी बियाणं घेतलं, ते नीट उतरलं नाही, पीक गेलं, आणि नुकसानभरपाई मागितली तर कॉर्पोरेशन म्हणे करारात लवाद आहे, ग्राहक मंचात येताच येणार नाही. कोर्टाने ते मानलं नाही. आपल्याकडे दर पावसाळ्यात दुबार पेरणीचं संकट येतं, बियाणं उगवलं नाही म्हणून शेतकरी रडत असतो, त्याने हा निकाल लक्षात ठेवावा, सोबत कृषी अधिकाऱ्यांचा पंचनामा, बियाण्याची पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवावी.

पतसंस्थेत ठेव अडकलेल्यांसाठी 2004 चा थिरुमुरुगन सोसायटी विरुद्ध एम. ललिता हा निकाल आहे. सहकार कायद्यात वाद सोडवायची वेगळी सोय असली तरी ग्राहक मंचात येता येतं असं त्यात म्हटलंय. तो तामिळनाडूच्या सहकार कायद्यावरचा आहे, पण आपल्याकडच्या ठेवीदारांच्या केसेसमधेही तो दाखवला जातो.

मग लवादाचा क्लॉज रद्दच झाला ना?

नाही, इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. क्लॉज रद्द होत नाही, तो तुमच्यावर लादता येत नाही एवढंच. एम्मारच्या निकालात स्पष्ट आहे की ग्राहकाने स्वतःहून लवाद निवडला तर त्याला कोणी अडवणार नाही. ऑक्टोबर 2023 मधे एम. हेमलता देवी विरुद्ध बी. उदयश्री हा निकाल आला, त्यात उलट्या बाजूने बिल्डरनेच हायकोर्टात आर्बिट्रेटर नेमायची मागणी केली होती. सुप्रीम कोर्ट म्हणालं की ग्राहकांचे वाद विधिमंडळाने सार्वजनिक हित बघून सरकारी आयोगांकडे सोपवलेत, त्यामुळे दोन्ही बाजू राजीखुशीने तयार असतील तरच लवाद, नाहीतर नाही. म्हणजे निवड ग्राहकाची, बिल्डरची नाही.

पण निवड एकदाच, हेही ध्यानात घ्या. आधी लवादात भाग घेतला, तिथे क्लेम टाकला, अवॉर्ड विरोधात गेला आणि मग ग्राहक आयोगात आलात तर गाडी अडते. नॅशनल सीड्सच्या निकालातही असा इशारा आहे. म्हणून "आपण बसून आर्बिट्रेशनमधे मिटवू की" असं कोणी म्हणालं तर कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी थांबा.

तक्रार दाखल केल्यावर समोरच्याने कलम 8 चा अर्ज टाकला तर घाबरायचं का?

अजिबात नाही. आमच्या केसमधे दुसऱ्याच तारखेला आला होता, चार पानी, आणि माझे हातपाय गळाले होते, खोटं कशाला सांगू. आयोगाच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी तो तीनदा वाचला आणि मला वाटलं संपलं सगळं. एका ज्येष्ठ वकिलांनी बघितलं आणि म्हणाले, "ताई, एक पानाचं उत्तर लिहा, एम्मारचा निकाल जोडा, बास." तेच केलं, पुढच्या तारखेला अर्ज नामंजूर झाला. तुमच्या उत्तरात तीन गोष्टी याव्यात, मी ग्राहक आहे, कलम 100 मुळे हा माझा जादाचा उपाय आहे, आणि एम्मार व हेमलता देवी या निकालांप्रमाणे मला सक्तीने लवादाकडे पाठवता येत नाही. अजून एक बघा, असा अर्ज समोरच्याने आपलं लेखी म्हणणं द्यायच्या आधी किंवा फार तर त्याच्यासोबत टाकायचा असतो, उशिरा टाकला असेल तर तोही मुद्दा घ्या. आणि लेखी म्हणण्याची मुदत 30 दिवस अधिक 15 दिवस अशीच आहे, त्यापुढे आयोगालाही वाढवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च 2020 मधे हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात सांगितलंय.

मोबाईल कंपनीचं बिल चुकलं तर? तिथे तर कायद्यातच लवाद होता म्हणे.

हो, टेलिग्राफ कायद्याच्या कलम 7ब मधे होता, आणि 2009 च्या एका निकालामुळे बरीच वर्षं टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात फेटाळल्या जायच्या. ते 16 फेब्रुवारी 2022 ला बदललं, व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल. महिन्याला सरासरी 555 रुपये बिल येणाऱ्या अहमदाबादच्या ग्राहकाला 2013 मधे एका महिन्याचं 24,609 रुपये 51 पैसे बिल आलं. ते ग्राहक मंचात गेले आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, तिथे ठरलं की कायद्यातच लवाद सांगितलेला असला तरी ग्राहक आयोगाचा अधिकार जात नाही. चोवीस हजारांच्या बिलासाठी एवढी वर्षं लढणं सोपं नाही, पण त्यांच्या चिकाटीचा फायदा आता प्रत्येक मोबाईलवाल्याला आहे.

लोनचे हप्ते थकले आणि आर्बिट्रेटरची नोटीस आली. ग्राहक आयोगात जाऊन ती थांबवता येईल?

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर. मध्यंतरी केंद्रावर साताऱ्याकडच्या एक बाई आल्या होत्या. मुलाच्या टू व्हीलरच्या लोनला त्या जामीन राहिल्या होत्या. पिशवीतून त्यांनी न फोडलेली तीन पाकिटं काढली, तिन्ही रजिस्टर पोस्टाची, तिन्ही इंग्रजीत. पहिल्यात आर्बिट्रेटर नेमल्याचं, दुसऱ्यात चेन्नईला सुनावणीची तारीख, तिसऱ्यात थेट अवॉर्ड. त्यांना वाटलं बँकेची जाहिरात आहे.

तर नीट समजून घ्या. बँक किंवा फायनान्स कंपनी तुमच्याकडून पैसे वसूल करायला जो क्लेम करते ती ग्राहक तक्रार नाही, तो त्यांचा दावा आहे, आणि त्यासाठी त्यांना लवादात जाता येतं. त्यामुळे "मी ग्राहक आहे" एवढ्यावर ती नोटीस थांबत नाही. तुमची स्वतःची तक्रार असेल, म्हणजे न सांगता चार्जेस लावले, एनओसी देत नाहीत, नियम न पाळता गाडी ओढून नेली, तर ती तुम्ही ग्राहक आयोगात नेऊ शकता, पण अवॉर्ड व्हायच्या आत.

दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. फायनान्स कंपनी आपल्याच मनाने एकटा आर्बिट्रेटर नेमते, हे चालत नाही. 2017 मधे टीआरएफ आणि 2019 मधे पर्किन्स ईस्टमन या निकालांत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने न्याय करणारा माणूस निवडायचा नाही. नोव्हेंबर 2024 मधे पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानेही रेल्वेच्या एका प्रकरणात एकतर्फी नेमणुकीचे क्लॉज समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहेत असं सांगितलं. म्हणून नोटीस आली की पहिलं काम, लेखी हरकत पाठवा की ही नेमणूक एकतर्फी आहे, मला मान्य नाही. रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीकडून. ही हरकत सोडून द्यायची असेल तर ती वाद सुरू झाल्यानंतर, लेखी आणि स्पष्ट शब्दांतच सोडता येते, त्यामुळे रिकव्हरीवाल्याने आणलेल्या कुठल्याही "संमतीपत्रावर" सही करू नका.

अवॉर्ड झाला असेल तर हातात पडल्यापासून 3 महिन्यांत लवाद कायद्याच्या कलम 34 खाली कोर्टात आव्हान द्यायचं, सबळ कारण दिलं तर वर 30 दिवस मिळतात, एक दिवसही जास्त नाही. अवॉर्ड चेन्नईत झाला म्हणून इथे काही होणार नाही असं समजू नका, 2018 च्या सुंदरम फायनान्सच्या निकालानंतर जिथे तुमची मालमत्ता आहे तिथल्या कोर्टात थेट वसुली लावता येते. त्या बाईंच्या केसमधे मुदतीतले अकरा दिवस उरले होते, धावपळ करून वकील गाठला. पाकीट आलं की त्याच दिवशी फोडा, इंग्रजी कळत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या शेजारच्या पोराकडून वाचून घ्या.

ॲपवर "आय ॲग्री" दाबलं होतं, त्यात लवाद बेंगळुरूला आहे असं लिहिलंय.

तेच उत्तर, क्लॉज असला तरी ग्राहक आयोगात जाता येतं. आणि 2019 च्या ग्राहक कायद्यात एक फार चांगली सोय आली, कलम 34 प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरीधंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. आधी हे नव्हतं.

मी दुकानासाठी मशीन घेतलं, मी ग्राहक का?

निव्वळ धंद्यासाठी, नफ्यासाठी घेतलं असेल तर सहसा नाही, आणि मग लवादाचा क्लॉज पूर्ण लागू होतो. स्वतः राबून पोट भरायला घेतलं असेल, म्हणजे रिक्षा, शिलाई मशीन, छोटी गिरणी, तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. तक्रारीत हे पहिल्याच पॅरात लिहा, कारण लवादाचा अर्ज फेटाळला गेला की समोरचा वकील पुढचा हल्ला इथेच करतो.

बिल्डरविरुद्ध रेरा की ग्राहक आयोग?

रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, आपल्याकडचं महारेरा. दोन्ही रस्ते खुले आहेत, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2020 मधे इम्पेरिया स्ट्रक्चर्स विरुद्ध अनिल पटनी मधे सांगितलं. पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकदम जाऊ नका. माझं मत विचाराल तर व्याजासकट पैसे परत किंवा पजेशन एवढंच हवं असेल तर महारेरा बघा, मनस्तापाची भरपाई, सेवेतल्या बाकीच्या त्रुटी असं सगळं मिळून मागायचं असेल तर आयोग. आणि ॲग्रीमेंटच एकतर्फी आहे, म्हणजे तुमच्या उशिराला 18 टक्के आणि बिल्डरच्या उशिराला काहीच नाही किंवा नाममात्र, असं असेल तर 2019 चा पायोनिअर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन निकाल जोडा. अशा एकतर्फी अटी म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा असं त्यात म्हटलंय.

तक्रार कुठे, किती फी, किती मुदत?

भरलेल्या रकमेवर ठरतं. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, 50 लाख ते 2 कोटी राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. 5 लाखांपर्यंत फी शून्य, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400, 50 लाखांपर्यंत 1000. वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाईन ई-जागृती पोर्टलवर दाखल करता येते, आधी सल्ला हवा तर 1915 ला फोन करा. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. लवादाच्या क्लॉजला घाबरून लोक जी वर्षं घालवतात ती इथे अंगाशी येतात, कारण "आम्हाला वाटलं आर्बिट्रेटरकडेच जावं लागतं" हे उशिराचं कारण म्हणून आयोगाला पटेलच असं नाही.

मुलगा अमेरिकेत आहे, तिथेही असंच आहे का?

नाही, तिथे जवळजवळ उलटं आहे. 1925 चा फेडरल आर्बिट्रेशन ॲक्ट आहे आणि 2011 मधे एटी अँड टी मोबिलिटी विरुद्ध कन्सेप्सिऑन या निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी कंपनीचा लवादाचा क्लॉज उचलून धरला, ग्राहकांनी एकत्र येऊन क्लास ॲक्शन करायचा रस्ताही त्यात बंद झाला. वाद होता "फ्री" फोनवर लावलेल्या 30 डॉलर 22 सेंट टॅक्सचा. एकेकट्याने 30 डॉलरसाठी कोण लढणार, म्हणून तर एकत्र यायचं असतं ना. तिथे राहणाऱ्या आपल्या मुलांनी एवढं करावं, नवीन अकाउंट उघडलं की क्लॉजमधे "ऑप्ट आउट" आहे का बघावं, काही करारांत साइन अप केल्यापासून 30 दिवसांत लेखी कळवून लवादातून बाहेर पडता येतं, आणि छोट्या रकमेसाठी स्मॉल क्लेम्स कोर्टाची सूट बऱ्याच करारांत असते. इंग्लंडमधे 5000 पौंडांपर्यंतच्या दाव्यासाठी ग्राहकावर असा क्लॉज बांधील राहत नाही, आणि कॅनडात 2020 च्या उबर विरुद्ध हेलर निकालात, लवाद सुरू करायलाच साधारण साडेचौदा हजार अमेरिकन डॉलर लागणारा क्लॉज कोर्टाने मोडून काढला. ते प्रकरण ड्रायव्हरचं होतं, ग्राहकाचं नाही, पण छापील कराराचा विचार तोच.

लवाद कधी घ्यावा असं तुम्हाला वाटतं का?

क्वचित. रक्कम मोठी आहे, मुद्दा निव्वळ तांत्रिक आहे, आर्बिट्रेटर दोघांच्या संमतीने नेमला जातोय, सुनावणी तुमच्या गावात आहे आणि फी परवडतेय, तर जरूर विचार करा, कारण आयोगात तीन महिन्यांत निकाल असं कायद्यात असलं तरी प्रत्यक्षात वर्षं जातात. यातलं एक जरी नसेल तर आयोगच बरा.

केंद्रावर येताना काय आणू?

ॲग्रीमेंट पूर्ण, फक्त क्लॉजचं पान नको. पैसे भरल्याच्या पावत्या किंवा बँक स्टेटमेंट, झालेले ईमेल आणि व्हॉट्सॲप तारखेसकट प्रिंट करून, आणि आलेली सगळी पाकिटं, फोडलेली असोत वा नसोत.